ईबुकात फॉन्ट घातलाय, तरी प्रत्येक फोनवर वेगळंच दिसतंय (चाळीची स्मरणिका)

ठाकूरद्वार_तिसरा_मजला | रविवार, रात्री ११:२०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

आमच्या चाळीच्या गणेशोत्सवाला यंदा ७५ वर्षं होतायत. चाळ पुनर्विकासात गेली, बिऱ्हाडं बोरिवली, डोंबिवली, विरारपर्यंत पांगली. छापील स्मरणिका घरोघर पोचवणार कोण? म्हणून समितीने ठरवलं, ईबुक करायचं आणि व्हॉट्सॲपवर सोडायचं. "तू कॉम्प्युटरवाली ना" म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी अकाउंट्समध्ये आहे हो. कॉम्प्युटरसमोर बसते, एवढाच संबंध.

सिजिल हे ईबुक बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, दोन आठवडे खपून ईपब, म्हणजे ईबुकची फाइल बनवली. मजकुराला तिरो देवनागरी मराठी आणि देणगीदारांच्या यादीला मुक्ता असे दोन फॉन्ट आत घातले. माझ्या लॅपटॉपवर सिजिलमध्ये असं सुरेख दिसतंय की मीच दोनदा पाहिलं. आणि मग घरच्यांना पाठवलं.

भावाच्या आयफोनवर ॲपल बुक्समध्ये फॉन्ट नाहीच, फोनचा नेहमीचाच. मामांच्या किंडलवर तेच. आईच्या अँड्रॉइडवरही नाही, शिवाय सगळे ल आणि श हिंदी पुस्तकातल्यासारखे. खालच्या दादाच्या लॅपटॉपवर थोरियम या वाचन ॲपमध्ये मजकूर बरोबर आला, पण देणगीदारांची यादी भलत्याच फॉन्टमध्ये. आणि २५ वर्षांपूर्वीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतले सहा लेख सीडीवरून घेतलेत, ते तर सगळीकडेच इंग्रजी अक्षरांवर टोप्या घातल्यासारखे दिसतायत.

माझं नक्की चुकतंय कुठे?

विरार_फास्ट | रविवार, रात्री ११:३१

पीडीएफ करा ना सरळ. विषय संपला.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला | रविवार, रात्री ११:३८

केलं होतं. आईने दोन बोटांनी पान मोठं केलं, मग ओळ वाचायला डावीकडून उजवीकडे सरकवलं, मग पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे. तिसऱ्या ओळीला फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "तूच वाचून दाखव."

पवईचा_रिकामटेकडा | सोमवार, सकाळी ७:०५

ताई, तुमचं एक चुकलेलं नाही, चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिवशी भेटल्यात. एकेक सोडवू. इथे कोड चिकटवला की या पानावर त्याची रांगोळी होते, म्हणून शब्दांतच लिहितो.

आधी मुळातलं. ईपब म्हणजे एक झिप फाइल. आत प्रकरणं, एक सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम लिहिलेली फाइल), फोटो, फॉन्ट, आणि या सगळ्या सामानाची यादी असलेली ओपीएफ नावाची फाइल. फॉन्ट दिसायला तीन गोष्टी लागतात: फॉन्टची फाइल आत हवी, ओपीएफच्या यादीत तिची नोंद हवी, आणि सीएसएसमध्ये फॉन्ट-फेस नियम हवा, ज्यात फॉन्टला नाव दिलेलं असतं आणि फाइलचा पत्ता असतो. सिजिलमध्ये फाइल घातली की यादीतली नोंद तो करतो. पत्ता मात्र तुमच्या हातात. तो सीएसएस फाइल जिथे आहे तिथून मोजायचा, प्रकरणाच्या फाइलपासून नाही.

आता मुक्ताचं. पैजेवर सांगतो, फाइलच्या नावात मोठी लिपी-छोटी लिपी यांचा घोळ असणार. फाइलचं नाव कॅपिटल एमने सुरू होतंय आणि सीएसएसमध्ये छोटा एम आहे, असं काहीतरी. विंडोज हा फरक मानत नाही, म्हणून तुमच्या लॅपटॉपवर चालतं. झिपच्या आत फरक मानला जातो, म्हणून बाकी सगळीकडे पडतं. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर तीही काढा.

आयफोन: ॲपल बुक्सला वेगळं सांगावं लागतं की पुस्तकाचे स्वतःचे फॉन्ट आहेत, ते वापर. ईपब ३ असेल तर ओपीएफमध्ये आयबुक्सच्या उपसर्गासकट "स्पेसिफाइड फॉन्ट्स" ही ओळ, किंमत "ट्रू". ईपब २ असेल तर मेटा-इन्फ फोल्डरमध्ये ॲपलची डिस्प्ले-ऑप्शन्स नावाची छोटी एक्सएमएल फाइल, तिच्यात तेच. मग भावाला सांगा, फॉन्टच्या यादीत "ओरिजिनल" निवड.

किंडल: बहुतेक फॉन्ट पोचलेला आहे, फक्त निवडलेला नाही. मामांना म्हणावं, पानाच्या वरच्या भागावर टिचकी मारा, "एए" उघडा, फॉन्टच्या यादीत "पब्लिशर फॉन्ट" दिसतोय का पाहा.

अँड्रॉइडचं उत्तर ॲपवर आहे. आई कुठल्या ॲपमध्ये वाचतात? बरीचशी ॲप्स स्वतःचा फॉन्ट वरून लादतात आणि "पुस्तकातला फॉन्ट वापरा" अशी खूण सेटिंगच्या तळाशी कुठेतरी असते.

आणि कृपा करून फॉन्ट फक्त बॉडीला, म्हणजे अख्ख्या मजकुराला एकदाच लावा. प्रत्येक परिच्छेदाला लावला असेल तर काढा. वाचणाऱ्याने स्वतःचा फॉन्ट निवडला तर तो बदलला पाहिजे. सत्तरीच्या माणसाला तुमची आवड नको असते, अक्षर मोठं हवं असतं.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला | सोमवार, दुपारी १:५०

तुम्ही काय कॅमेरा लावलाय का माझ्या घरात? मुक्ताचं नाव कॅपिटल एमनेच होतं! डबा खाता खाता दुरुस्त केलं.

मामांचा फोन आला होता. "पब्लिशर फॉन्ट" सापडला, आला. आता म्हणतात यंत्र बिघडलं होतं, त्यांनी दुरुस्त केलं.

आयफोनचं रात्री करते. प्रत्येक परिच्छेदाला लावला होता, होय. काढते. पण हिंदी ल-श चं काय?

प्रूफ_आजोबा | सोमवार, दुपारी ४:१५

ल आणि श आले म्हणून लिहायला बसलो. मी गिरगावातल्या छापखान्यात जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणारा म्हणून लागलो आणि प्रूफं वाचून निवृत्त झालो. हा धागा नातीने दाखवला.

मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. दंडाचा ल आणि गाठीचा श ही हिंदीकडची वळणं. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श असंच आहे. शाळेत मुलं एक अक्षर गिरवतात आणि फोनवर दुसरंच पाहतात. लोकांना वाटतं हा म्हाताऱ्यांचा हट्ट आहे. असेल. पण निर्णयसागरसारखा छापखाना १८६९ साली याच मुंबईत निघाला आणि त्याच्या अक्षराकडे देशभर बोट दाखवलं जायचं. त्या गावात चाळीची स्मरणिका परक्या वळणात निघावी, हे मनाला पटत नाही.

फोनमध्ये हे का होतं ते मात्र मला ठाऊक नाही. पवईकरांनी सांगावं.

पवईचा_रिकामटेकडा | सोमवार, संध्याकाळी ६:४०

आजोबा, नमस्कार. सांगतो.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या जगभरच्या पद्धतीत, ल एकच आहे. मराठी ल वेगळा, हिंदी ल वेगळा असं नाही. वळण फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी वळण पुढे येतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरीसाठी नोटो नावाचा फॉन्ट असतो, तो याच जातीचा. त्याला कोणी सांगितलंच नाही की हे मराठी आहे, तर तो हिंदी वळण देतो.

म्हणून ताई, दोन ठिकाणी भाषा लिहा. ओपीएफमध्ये पुस्तकाची भाषा "एमआर" (mr), म्हणजे मराठी. आणि प्रत्येक प्रकरणाच्या अगदी वरच्या एचटीएमएल टॅगवर लँग आणि एक्सएमएल-लँग, दोन्हींची किंमत "एमआर". सिजिल नवीन फाइल बनवतो तेव्हा भाषा इंग्रजीच राहून जाते, ते पाहून घ्या. याने तुमचा फॉन्ट जिथे पडला तिथेही ल-श सुधारण्याची शक्यता वाढते. हमी नाही, कारण काही ॲप्स भाषा पुढे कळवतच नाहीत.

तुम्ही निवडलेला तिरो देवनागरी मराठी चांगला, कारण त्यात मराठी वळणं मुळातच आहेत, कोणी सांगायची वाट पाहत नाही. त्याच कुटुंबात हिंदी आणि संस्कृत असे वेगळे फॉन्ट आहेत, उतरवताना नाव नीट वाचायचं. एक मेख आहे: त्याला ठळक वजन नाही. साधा आणि तिरका, दोनच. तुम्ही शीर्षकं ठळक केली असतील तर ॲप स्वतःच अक्षर फुगवून खोटं ठळक करतं. देवनागरीत त्याने ष आणि प ची पोटं भरून जातात.

प्रूफ_आजोबा | सोमवार, रात्री ८:१०

शिशाच्या काळात ठळक खिळे संपले की आम्ही मोठ्या मापाचे साधे खिळे लावायचो आणि वर-खाली जागा सोडायचो. शीर्षक ठळकपणाने उठत नाही, मोकळ्या जागेने उठतं. तेच करा.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला | सोमवार, रात्री ११:०५

केलं आजोबा. दीडपट माप, वर दोन ओळींची जागा. खरंच बरं दिसतंय. ओळींमधलं अंतरही १.६ केलं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर टेकत होते.

आयफोन झाला. आईचं ॲप मात्र मानत नाही, पण भाषा लिहिल्यावर ल पाकळीचा झाला! आईला फरक कळला नाही. मी पाच मिनिटं समजावलं. ती म्हणाली, "बरं."

विरार_फास्ट | सोमवार, रात्री ११:११

पाच मिनिटांत अंधेरी ते विलेपार्ले होतं. काकूंचा वेळ वाया घालवू नका.

दादर_डीटीपी | मंगळवार, सकाळी १०:२५

उशीर झाला यायला. फेब्रुवारीत माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

एका कवितासंग्रहाचं ईबुक इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून काढलं. सगळ्या यंत्रांवर तपासलं, फर्स्टक्लास. दोन दिवसांनी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा अधिकृत क्रमांक आला. मी म्हटलं, एवढ्यासाठी परत कशाला एक्स्पोर्ट? ओपीएफ उघडली, ओळखक्रमांकाच्या जागी आयएसबीएन टाकला, झिप केली, प्रकाशकाला पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन: "अहो, फॉन्ट गेले सगळे." कुठेच नाहीत. फाइल आत आहे, यादीत आहे, पत्ता बरोबर आहे. मी दोन रात्री डोकं आपटलं.

झालं असं होतं की इनडिझाइन फॉन्ट आत घालताना तो थोडा विस्कटून ठेवतो, म्हणजे कोणी फाइलमधून सहज उपसून घेऊ नये. फॉन्टचे सुरुवातीचे १०४० बाइट बदलले जातात आणि ते परत जुळवण्याची किल्ली तयार होते पुस्तकाच्या ओळखक्रमांकावरून. मी क्रमांक बदलला, किल्ली बदलली, कुलूप जुनंच. वाचन ॲपला फॉन्ट म्हणून कचरा मिळाला आणि त्याने गुपचूप स्वतःचा फॉन्ट लावला. चूक दाखवणारी एक ओळसुद्धा कुठे येत नाही.

तेव्हा ओळखक्रमांक आधी, एक्स्पोर्ट नंतर. किंवा सिजिलमध्ये फॉन्टवर उजवं बटण दाबून विस्कटणं बंद करा, मग क्रमांक बदला.

ताई, तुमच्या सहा जुन्या लेखांचं उत्तर सोपं आहे. ते जुन्या डीटीपी फॉन्टमधले आहेत, युनिकोड नाहीत. कन्व्हर्ट करत बसू नका, र्‍हस्व-दीर्घाची वाट लागते. तो जुनाच फॉन्ट ईपबमध्ये घाला, त्या सहा प्रकरणांना लावा. दहा मिनिटांचं काम.

पवईचा_रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी १०:५०

आयएसबीएनचा किस्सा सोन्यासारखा आहे, जपून ठेवतो. पण शेवटच्या परिच्छेदाला माझा कडक विरोध. त्या लेखांत मराठी नाहीच आहे. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट पडला की मुखवटा पडला. आणि फॉन्ट पडतो, हे या धाग्यात कालपासून चार यंत्रांवर पाहिलंय.

दादर_डीटीपी | मंगळवार, सकाळी ११:०२

तुमचं म्हणणं तत्त्वाला धरून आहे. पण यांना गणपतीच्या आत द्यायचंय. कन्व्हर्ट केलेल्या सहा लेखांची प्रूफं कोण वाचणार? दिसतंय ना नीट, झालं.

कानाने_वाचणारी | मंगळवार, दुपारी १२:३०

इथे सहसा लिहीत नाही, पण "दिसतंय ना" यावर थांबवेना.

मला दिसत नाही. मी फोनच्या टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, पुस्तकं ऐकते. युनिकोड मराठी असेल तर त्यातली बाई सरळ वाचते, उच्चार थोडे हिंदी वळणाचे, पण गोष्ट कळते. जुन्या फॉन्टचं पुस्तक उघडलं की ती इंग्रजीत सुरू होते: ए, टोपीवाला ए, अर्धविराम, पौंडाची खूण, पुन्हा टोपीवाला ए. अख्खं पान. एकदा एका ओळखीच्या लेखकाने कौतुकाने स्वतःचं ईबुक पाठवलं होतं, मी वीस मिनिटं पौंडाच्या खुणा ऐकल्या आणि त्यांना सांगायला लाजले.

तुमच्या चाळीत माझ्यासारखं कोणी असेलच. नसेल तर दहा वर्षांनी होईल. तुमच्यातलंच.

दादर_डीटीपी | मंगळवार, दुपारी १:१०

बरोबर आहे ताई. मी शब्द मागे घेतो. मला हे कोणी या बाजूने सांगितलं नव्हतं.

ठाकूरद्वारताई, सीडीवरची मूळ फाइल मला पाठवा. फॉन्ट कुठला ते ओळखून मी कन्व्हर्ट करून देतो, पैसे नकोत. फक्त वेलांट्या बघा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर साठवतात. कन्व्हर्टर ती उचलून पलीकडे नेतो आणि जोडाक्षर आलं की कधी कधी मधेच सोडून देतो. रफाराचंही तसंच.

प्रूफ_आजोबा | मंगळवार, दुपारी २:००

प्रूफं मी वाचतो. पाठवा. नाहीतरी दुपारी झोप येत नाही.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला | बुधवार, रात्री १०:४५

सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. सहा लेख झाले, आजोबांनी ११२ चुका काढल्या, त्यातल्या काही २५ वर्षांपूर्वी छापून आल्या होत्या त्यासुद्धा.

पण आज मी नवीन घोळ घातला. फाइल ११ एमबीची झाली, समितीचे अध्यक्ष म्हणाले छोटी करा. मी नेटवर "फॉन्ट छोटा करा" अशी एक साइट शोधली. पुस्तकात असलेली अक्षरं तिथे चिकटवायची, ती तेवढीच ठेवून बाकीची काढून टाकते. फॉन्ट एकदम चिमुकला झाला. आणि पुस्तकात "गणेशोत्सव" चं झालं "गणेशोत्‌सव", "विद्यार्थी" मध्ये द आणि य सुटे, द चा पाय मोडलेला, रफार गायब होऊन त्या जागी पाय मोडका र.

दुसरं, आजोबांनी मला फोन करून विचारलं, "महाप्रसादाच्या खर्चात आचार्यांना मानधन? कोण आचार्य आले होते?" मी मूळ फाइल पाहिली. तिथे "आचाऱ्यांना" होतं. मी हात लावला नव्हता, शपथ!

पवईचा_रिकामटेकडा | बुधवार, रात्री ११:३०

पहिला घोळ. मराठी लिहायला जितकी चिन्हं टाइप करतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आकृत्या फॉन्टमध्ये असतात. अर्धा त, द्य, रफार, क्ष, श्र यांना युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक नाही. त्या आकृत्या फॉन्टच्या पोटातल्या नियमांतून येतात: द, हलन्त (पाय मोडायची खूण), य असं लागोपाठ दिसलं तर ही आकृती लाव. त्या साइटने क्रमांक असलेली अक्षरं ठेवली आणि बिनक्रमांकाच्या आकृत्या व नियम दोन्ही फेकून दिले. इंग्रजीत हे चालून जातं. देवनागरीत पुस्तक मोडतं.

प्रूफ_आजोबा | बुधवार, रात्री ११:४२

म्हणजे खिळ्यांच्या केसमधली (खणांच्या पेटीतली) अर्ध्या अक्षरांची आणि जोडाक्षरांची घरं रिकामी करून जुळाऱ्याला म्हणायचं, बस आता जुळवायला. आमच्याकडे नवीन पोऱ्या पहिल्या आठवड्यात हेच करायचा, झाडताना.

पवईचा_रिकामटेकडा | बुधवार, रात्री ११:५०

अगदी तेच! मी उद्यापासून कामावर हेच उदाहरण देणार.

छोटा करायचाच असेल तर फॉन्टटूल्स या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधलं छाटणीचं साधन नियम धरून छाटतं. कॅलिबर या ईबुकच्या सॉफ्टवेअरच्या एडिटरमध्येही वापरातली अक्षरं ठेवून फॉन्ट छाटायची सोय आहे. पण ताई, मुळात फॉन्टला हात का लावताय? ११ एमबीत फॉन्ट अर्धा एमबीही नसेल. गुन्हेगार फोटो आहेत. विसर्जन मिरवणुकीचे फोटो फोनमधून जसेच्या तसे टाकलेत ना? त्यांची रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा.

दुसरा घोळ. आचाऱ्यांचे आचार्य झाले ते असे: ऱ्य दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हा ऱ शिफ्ट आणि जे. दुसरा, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. तुमच्या मजकुरात दुसरा प्रकार असणार, आणि तुम्ही कुठेतरी "अदृश्य अक्षरं काढा" असं काहीतरी चालवलं असणार. ते जोडचिन्ह उडालं, राहिला र, हलन्त, य, म्हणजे र्य. आचारी झाला आचार्य, दऱ्या झाल्या दर्या.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला | गुरुवार, सकाळी ८:२०

चालवलं होतं. "क्लीन टेक्स्ट" असं काहीतरी होतं, वाटलं स्वच्छ झालं तर बरंच. जुनी प्रत होती, तिच्यात आता सगळीकडे शिफ्ट-जे चा ऱ करून घेतला. शोधायला गेले तर "वाऱ्यावर", "कोपऱ्यात", "बिऱ्हाड" मिळून ६३ जागा निघाल्या. चाळीवरचं पुस्तक, त्यात बिऱ्हाडं तर असणारच.

फोटो लहान केले. फाइल २.८ एमबी. फॉन्ट अख्खेच ठेवले.

निळी_शाई | गुरुवार, सकाळी ११:१५

मधेच एक शंका. माझ्या विंडोजमधला मंगल घालू का माझ्या ईबुकात? तसाही माझ्याकडे आहेच.

दादर_डीटीपी | गुरुवार, सकाळी ११:४०

तुमच्याकडे असणं आणि वाटायचा हक्क असणं वेगळं. विंडोजबरोबर आलेला फॉन्ट त्या यंत्रावर वापरायला आहे, त्याची फाइल पुस्तकात घालून वाटायला नाही. विकत घेतलेल्या फॉन्टचंही तेच: छपाईचा परवाना आणि ईबुकचा परवाना वेगळे असतात, पावती काढून वाचा. फॉन्टच्या पोटातही एम्बेड करू द्यायचं की नाही याचा एक आकडा असतो. शून्य म्हणजे मोकळं, दोन म्हणजे सक्त मनाई. शून्य असला तरी परवान्याचा कागद मोठा.

त्यापेक्षा ओपन फॉन्ट लायसन्सचे, म्हणजे पुस्तकात घालून वाटायची मोकळीक असलेले घ्या, डोक्याला ताप नाही. मुक्ता आपल्या मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, सात वजनं आहेत. आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, साधा आणि ठळक, संस्कृतची अवघड जोडाक्षरंही सांभाळतो. तिरो वर आलाच आहे.

निळी_शाई | गुरुवार, सकाळी ११:५२

धन्यवाद. मंगल काढला.

पवईचा_रिकामटेकडा | गुरुवार, दुपारी १२:०५

ताई, वाटायच्या आधी दोन गोष्टी. एक, ईपबचेक हे फाइल तपासायचं साधन चालवा. यादीत नसलेली फाइल, चुकलेला पत्ता, सगळं सांगतो. दुसरी माझी आवडती परीक्षा: पुस्तकाची एक प्रत घ्या, तिच्यातून दोन्ही फॉन्ट काढून टाका आणि फोनवर उघडा. काही मोडलं का? शीर्षकं कळतायत का, यादीतले आकडे नावांवर चढलेत का? कोणाच्या तरी फोनवर पुस्तक असंच दिसणार आहे, ते आधी आपण पाहिलेलं बरं.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला | रविवार, रात्री ९:३०

आज ठाकूरद्वारला कार्यालयात समितीची बैठक होती. चहा येईपर्यंत नऊ जणांचे फोन टेबलावर मांडून सगळ्यांवर फाइल उघडली.

सहा फोनवर आपला फॉन्ट पहिल्या फटक्यात किंवा सेटिंग बदलून आला. दोन ठिकाणी ॲपने स्वतःचाच ठेवला, पण ल पाकळीचे, आचारी आचारीच, यादी सरळ. नववा फोन खजिनदारांचा, त्यात ॲपच नव्हतं. त्यांनी फाइल उघडायच्या नादात ती तीन ग्रुपवर पुढे पाठवली. म्हणजे प्रकाशन झालं म्हणायचं.

फॉन्टशिवायच्या प्रतीत यादीतले आकडे खरंच घसरले होते. मुक्ताच्या रुंदीवर मोकळ्या जागा मारून मी ते जुळवले होते. आता साधा तक्ता केलाय.

तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू आल्या होत्या, त्यांना दोन वर्षांपासून दिसत नाही. त्यांच्या नातवाने फोन कानाला लावून दिला. सुवर्णमहोत्सवातला त्यांच्याच यजमानांचा लेख होता, त्या जुन्या सहांतला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "ही बाई 'चाळ' ला 'चाल' म्हणते." आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितला.

@कानाने_वाचणारी, तुम्हाला फाइल पाठवलीय, निरोप पेटीत पाहा.

कानाने_वाचणारी | रविवार, रात्री १०:१५

मिळाली. महाप्रसादापर्यंत पोचले. ळ ला माझी बाईसुद्धा ल च म्हणते, काकूंना सांगा.

विरार_फास्ट | रविवार, रात्री १०:२०

मलाही पाठवा. गाडीत उभ्याने वाचतो, एका हातात मावतं की नाही तेही कळेल.

प्रूफ_आजोबा | रविवार, रात्री ११:०५

पाहिली. अक्षर चांगलं आलं आहे. पान क्रमांक सांगायची सोय राहिली नाही, म्हणून असं सांगतो: "खजिनदारांचे मनोगत", तिसरा परिच्छेद, दुसरी ओळ. "कार्यकारीणी" छापलं आहे. रि ऱ्हस्व हवा.

ठाकूरद्वार_तिसरा_मजला | रविवार, रात्री ११:०९

आजोबा, तीन ग्रुपवर गेली हो ती फाइल!

बरं. सुधारते.